टर्बो गेला की वायर गेली?

डिझेल गाडी घाटात अचानक बैलगाडीसारखी चालायला लागते, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर लावला की पडद्यावर 'पी २५६' असं सुरू होणारा एखादा कोड दिसतो. मग गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "साहेब, टर्बो गेला." हे वाक्य मालकाला चाळीस-पन्नास हजारांना पडू शकतं. पण कोड काय म्हणतो ते नीट वाचलं तर त्यात टर्बो खराब झाल्याचं कुठेच लिहिलेलं नसतं. तो फक्त टर्बोची पोझिशन सांगणाऱ्या सेन्सरबद्दल आणि त्याच्या सर्किटबद्दल बोलत असतो.

मी थर्ड इयर मेकॅनिकलची. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा खडबडीत आहे, ते चालवून घ्या. सुट्टीत महिनाभर मी एका गॅरेजमध्ये जात होते. तिथले मिस्त्री पंचवीस वर्षं गाड्या उघडतायत. मी त्यांना मामा म्हणायचे. खाली लिहिलेलं बरंचसं त्यांच्याकडून आणि आपल्या फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमधून आलंय. (हो, तोच विषय ज्यात अर्ध्या होस्टेलची केटी आहे!)

आधी टर्बो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जास्त हवा दाबतं. छोट्या गाड्यांत हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. अडचण अशी की कमी आरपीएमला धूर कमी, म्हणून जोर कमी. त्यावर उपाय म्हणजे व्हीजीटी, व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो. यात टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते ना, तसंच. कमी आरपीएमला पाती जवळ येतात, वाट अरुंद होते, धूर वेगाने चक्रावर आदळतो. आरपीएम वाढला की पाती उघडतात.

ही पाती व्हॅक्यूमचा डबा किंवा इलेक्ट्रिक मोटर हलवते. ती खरंच किती हलली हे ईसीयूला कळवायचं काम पोझिशन सेन्सरचं. बहुतेक गाड्यांत त्याला तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. (हा अर्थ म्हणजे अर्थिंगवाला, मराठीच्या पेपरातला नव्हे.) पाती हलतात तसा सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या मध्ये फिरतो.

आता व्हायवाला विचारावा असा प्रश्न. सरळ ० ते ५ का नाही? कारण दोन्ही टोकं मुद्दाम रिकामी ठेवलेली असतात. धडधाकट सेन्सर कधीच पूर्ण ० किंवा पूर्ण ५ दाखवणार नाही, म्हणून तसं दिसलं की ईसीयू समजतो, ही पात्यांची पोझिशन नाही, वायरीची काहीतरी भानगड आहे. सप्लायची वायर तुटली तर सिग्नल सहसा खाली बसतो. अर्थची तुटली तर वर ५ ला जाऊन चिकटतो. सिग्नलचीच तुटली तर वर जाणार की खाली, हे ईसीयूच्या आतल्या जोडणीवर ठरतं, त्यासाठी त्या गाडीचं मॅन्युअल लागतं.

कोडही याच हिशोबाने आहेत. पी २५६२ म्हणजे सर्किटमध्ये दोष, २५६३ म्हणजे सिग्नल येतोय पण पटत नाही, २५६४ म्हणजे सिग्नल फार खाली, २५६५ फार वर आणि २५६६ म्हणजे दोष येतो-जातो. पात्यांचा पत्ता लागला नाही की ईसीयू गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो, कारण पाती मिटलेली राहिली आणि धूर वाढत गेला तर प्रेशर हाताबाहेर जाईल. म्हणजे घाटात गाडी मेली असं वाटतं तेव्हा ईसीयू इंजिन वाचवत असतो.

एक काका सात सीटर टुरिस्ट गाडी घेऊन आले होते. गाडी लोनवर, महिन्याचा हप्ता, आणि चार दिवसांनी लग्नाचं भाडं ठरलेलं. खंबाटकी घाटात गाडी दोनदा अशी बसली होती. दुसऱ्या एका गॅरेजने नवीन टर्बोचं कोटेशन दिलं होतं, ते त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. स्कॅनरवर दोन कोड निघाले, २५६३ आणि २५६५. मामा म्हणाले, "एक म्हणतो पटत नाही, दुसरा म्हणतो वर गेला. एकाच ठिकाणी दोन्ही होतंय का ते बघ."

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्यायची, म्हणजे दोष आला तेव्हा आरपीएम, टेंपरेचर, लोड काय होतं ते. पुसलं की तेही जातं. मग डोळ्यांनी बघायचं: कनेक्टरमध्ये तेल, पाणी, हिरवा गंज, एक्झॉस्टला टेकून वितळलेली वायर, उंदरांनी कुरतडलेली वायर. (आमच्या होस्टेलचे उंदीर जर्नल खातात, त्यांना वायर म्हणजे चायनीज भेळ.) इथे वरून सगळं स्वच्छ होतं.

इग्निशन ऑन, इंजिन बंद. कनेक्टर काढून सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये मोजलं, ५ व्होल्ट व्यवस्थित. समजा आले नसते, तरी लगेच ईसीयूला दोष देऊ नका. हाच ५ व्होल्टचा सप्लाय पुष्कळदा आणखी दोन-तीन सेन्सरना वाटलेला असतो, आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांना खाली ओढतो. एकेक सेन्सर काढत जायचं. ज्याचा प्लग काढल्यावर ५ परत येतात, तो चोर.

काका म्हणाले, "ताई, पहिल्या गॅरेजमध्येपण मीटर लावला होता, पीं वाजला, वायर ओके म्हणाले." खरी गंमत इथेच आहे. मल्टीमीटरचा बझर म्हणजे शून्य रेझिस्टन्स नव्हे. बऱ्याच मीटरांत तो तीस-चाळीस ओहमलाही वाजतो. सेन्सर १० मिलिअँपियर करंट घेतो असं धरा आणि अर्थच्या जोडात गंजामुळे ४० ओहम आहेत. ओहमचा नियम लावला की ०.४ व्होल्ट तिथेच खर्च. बझर वाजतोय, पण सिग्नल खोटं बोलतोय. एका टोकाला जिथे ०.५ दिसायला हवेत तिथे जवळजवळ ०.९ दिसतात. आणि कनेक्टर काढून मोजलं तर पूर्ण ५ दिसणारच, कारण तेव्हा करंटच वाहत नसतो.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून बारीक पिन घालून, अर्थची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजायचं. चांगल्या सर्किटमध्ये इथे ०.१ व्होल्टच्या आतच यायला हवं. आम्हाला ०.४ मिळाले. मामांनी वायरीचा गठ्ठा हातात धरून हलवला तर स्कॅनरवरचा सिग्नल ४.९ ला उडी मारून खाली आला. दोन्ही कोडांचा हिशोब लागला. गठ्ठ्याची टेप सोलली तर आत कोणीतरी पूर्वी पिळून मारलेला जोड होता, पूर्ण हिरवा. तो कापून नवी वायर, सोल्डर, वर हीट श्रिंक, आणि इंजिनच्या हादऱ्याने ताण पडू नये म्हणून क्लिप.

तरीही टर्बो निर्दोष आहे असं गृहीत धरायचं नाही. काजळीने पाती अडकतात, तेव्हाही २५६३ येऊ शकतो. या गाडीत व्हॅक्यूमचा डबा होता. त्याला हातपंप लावून दांडी हळूहळू ओढली आणि सिग्नल बघितला. न अडखळता सरकत गेला, सोडल्यावर तसाच परत आला, व्हॅक्यूमही टिकून राहिला. दांडी मध्येच अडली असती, तर टर्बो उतरवण्याची भाषा मी ऐकून घेतली असती. दांडी छान हलतेय पण सिग्नल मध्येच तुटतोय, असं असतं तर सेन्सर.

एक सूचना फक्त. ओहम मोजताना इग्निशन बंद आणि बॅटरी सोडलेली हवी, नाहीतर आकडे काहीही येतात आणि मीटरही जातो.

कोड पुसला आणि मामा काकांना शेजारी बसवून गाडी घाटात घेऊन गेले, कारण सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत टर्बोवर लोडच येत नाही. मी मागच्या सीटवर स्कॅनर धरून. मागितलेली पोझिशन आणि आलेली पोझिशन, दोन्ही आकडे चढावर एकमेकांच्या मागोमाग धावत होते. बिल झालं सहाशे रुपये. काकांनी खिशातलं कोटेशन काढलं आणि त्याच्याच मागच्या बाजूला मामांचा नंबर लिहून घेतला.