कानाशी आलेला आवाज

एक प्रयोग करून बघा. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला अंगाई म्हणून दाखवा, पण शब्द न् शब्द त्याला ऐकू गेला पाहिजे. जमत नाही ना? आवाज चढवला की अंगाईची हाक होते.

शंभर वर्षांपूर्वी गायकांची हीच पंचाईत होती. थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर घसा ताणा. रेकॉर्ड काढायची तर भल्यामोठ्या भोंग्यासमोर ओरडा, कारण तबकडी कोरणारी सुई हलायची ती निव्वळ आवाजाच्या धक्क्याने!

१९२५ मध्ये रेकॉर्डिंगच्या खोलीत मायक्रोफोन आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्पोकेनचा एक तरुण मित्राबरोबर जुनाट फोर्ड गाडी हाकत लॉस एंजेलिसला निघाला. हॅरी क्रॉस्बी त्याचं नाव, पण सगळे त्याला बिंग म्हणत. माइक म्हणजे आवाज मोठा करायचं यंत्र, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात. बिंगला उमगलं ते उलटंच: याच्यासमोर आवाज लहान करता येतो! घेतलेला श्वास, ओठांवर रेंगाळलेला 'म', मध्येच घातलेली शीळ, सगळं थेट घराघरातल्या रेडिओतून बाहेर. ऐकणारे लाखो, आणि प्रत्येकाला वाटायचं, हा माझ्याच शेजारी बसून गातोय. या गुणगुणण्याला 'क्रूनिंग' म्हणू लागले.

हे सगळ्यांना रुचलं असं नाही. १९३२ मध्ये बॉस्टनचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ओकॉनेल यांनी क्रूनर मंडळींवर जाहीर आगपाखड केली. असलं लाडिक गाणं त्यांना अनीतीचं वाटत होतं. आणि १९४४ च्या 'गोइंग माय वे'मध्ये याच क्रूनरशिरोमणीने कॅथलिक पाद्री रंगवून ऑस्कर पटकावलं! विनोदी नट बॉब होपबरोबरच्या सात 'रोड' चित्रपटांची कथा मात्र विचारू नका. दोघांनी एकमेकांची केलेली टिंगल हीच कथा.

'व्हाइट ख्रिसमस' हे अर्व्हिंग बर्लिनचं गाणं बिंगने रेकॉर्ड केलं मे १९४२ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये. बर्फाचं गाणं, ऐन मे महिन्यात! ते इतकं खपलं की तबकड्या छापायचा मूळ साचाच झिजला. मोदकाचा साचा झिजला की कळ्या पुसट येतात, तसंच. मग मार्च १९४७ मध्ये तोच थाट जमवून गाणं पुन्हा गावं लागलं. आज बहुतेकदा कानावर पडतं ते हे दुसरं.

पण मला खरा चाट पाडतो तो बिंगचा एक कंटाळा. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचं अंतर. रेडिओ कार्यक्रम थेट व्हायचे, म्हणजे तेच गाणं, तेच विनोद एका संध्याकाळी दोनदा. बिंगला तर गोल्फ खेळायचं होतं! आधीच रेकॉर्ड करून ठेवलं तर? पण तबकडीवरून तबकडीवर जुळवाजुळव करताना आवाज खरखरीत व्हायचा.

इकडे युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये असलेला अमेरिकी सैन्यातला इंजिनिअर जॅक मुलिन कोड्यात पडला होता. जर्मन रेडिओवर मध्यरात्री अख्खा वाद्यवृंद वाजतो आणि सुईची खरखर नाही! हे लोक झोपतात कधी? १९४५ मध्ये जर्मनीत त्याला उत्तर सापडलं: प्लॅस्टिकच्या पट्टीवर तपकिरी लोह ऑक्साइडच्या भुकटीचा थर. म्हणजे जवळजवळ गंजच की! माइकमधून येणारा विजेचा प्रवाह त्या कणांना चुंबकत्व देतो, आणि पट्टी पुन्हा फिरवली की तेच कण गाऊ लागतात. मुलिनने दोन यंत्रं सुटी करून पार्सलांनी घरी धाडली.

ऑक्टोबर १९४७ पासून मुलिनच्या याच यंत्रांवर आधी टेप केलेला बिंगचा कार्यक्रम लोकांना ऐकू येऊ लागला. तशीच यंत्रं बनवणाऱ्या अँपेक्स या छोट्या कंपनीला त्याने ५०,००० डॉलर दिले. आता गाणं कात्रीने कापायचं आणि चिकटपट्टीने जोडायचं! कुणालाच पत्ता लागायचा नाही.

मुलिननेच सांगितलेला एक किस्सा आहे. एका पाहुण्याने असे चावट किस्से सांगितले की प्रेक्षक हसून लोटपोट झाले. किस्से रेडिओवर जाण्यासारखे नव्हते, ते कापले. हसणं मात्र जपून ठेवलं. काही आठवड्यांनी एका कार्यक्रमातले विनोद अगदीच पडले, तेव्हा ते हसू काढून तिथे चिकटवलं गेलं.