लाल भाकरीची ओवी

मी गटाच्या बैठकीत गाणी म्हणते, हे तुमच्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक आहे. काही गाणी मी स्वतः जुळवलेली, काही आईकडून आलेली. आज गाणार थोडं आणि सांगणार जास्त. गाणं कुठून येतं आणि त्याची गोष्ट का जपायची, हे सांगणार आहे.

माझी आई जात्यावर एक ओवी म्हणायची:

लाल भाकर खाते बाई, सुकडी बांधते पदराला
बाळ सखीचं निजलं गं खडीच्या आडोशाला

लहानपणी मला वाटायचं, लाल भाकर म्हणजे नाचणीची. पण आमच्या माणदेशात नाचणी कुठली? मोठी झाल्यावर आईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अगं, ती मिलोची." 1972च्या दुष्काळात ज्वारी मिळेना, तेव्हा रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळायची. तिला सगळे मिलो म्हणत. सरकारी दुष्काळी कामावर बाया खडी फोडायच्या आणि तिथे खायला सुकडी वाटायचे. आई स्वतः न खाता आमच्यासाठी ती पदरात बांधून आणायची.

बघा, दोन ओळींत सगळा दुष्काळ आला. पण मिलो आणि सुकडी म्हणजे काय हे सांगणारं कुणी नसेल, तर माझ्या नातीला ती ओवी नुसती गोड लागेल, कळणार नाही.

आणि एक गोष्ट माझ्याकडूनही सुटली. ओवीतली ती सखी कोण? खडीच्या ढिगाआड निजलेलं ते बाळ वाचलं का? आई होती तोवर मी विचारलं नाही. आता विचारायला आई नाही. ओवी माझ्याकडे आहे, पण तिची अर्धी गोष्ट आईबरोबर गेली.

बहिणाबाई चौधरींचं नाव आपण सगळ्या जाणतो. जन्म 1880चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणीच विधवा झाल्या, शेती आणि घर सांभाळलं, आणि काम करता करता गाणी रचली. जे डोळ्यांपुढे दिसेल त्यावर गाणं. जळगावातल्या छापखान्यावरसुद्धा त्यांनी गाणं केलं! त्यांचे कवी चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी कागदावर उतरवून घेतली. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि 1952 साली पुस्तक निघालं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. जे उतरवलं गेलं ते राहिलं. शेतात, जात्यावर म्हटलेलं आणि कुणी न लिहिलेलं किती असेल, ते कोण सांगणार?

दुसरं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचंच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नुसत्या ओव्या नाहीत, तर म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गावही लिहिलं. आता त्यातल्या पुष्कळ ओव्या 'पारी' या संकेतस्थळावर मोबाइलवर वाचता येतात, काही ऐकताही येतात. एरवी "बायका म्हणतात" एवढ्यावर सुटलं असतं. इथे कोणती बाई, कोणत्या गावची, हे कळतं.

आता माझं गाणं. 2013च्या उन्हाळ्यात आमचा हापसा बंद पडला होता. दुरुस्तीला कुणी येईना. आम्ही बाया रिकामे हंडे घेऊन ग्रामसभेत बसलो. बसल्या बसल्या मी जुळवलं:

हंडा माझा रिकामा गं, हापसा बाई मुका
तीन कोस चालले तरी घसा माझा सुका

सगळ्यांनी हंड्यावर ताल धरला. पुढच्या आठवड्यात हापसा दुरुस्त झाला. काही वर्षांनी एका मेळाव्यात हेच गाणं दुसऱ्या गावच्या बायांनी म्हटलं. मला आनंद झाला. पण 'हापसा' जाऊन तिथे 'झरा' आला होता आणि गाण्याला 'पारंपरिक' म्हटलं होतं. गाणं गोड झालं, गाऱ्हाणं गेलं. त्या बायांची काही चूक नव्हती. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, कारण मी ती कुठे लिहिलीच नव्हती.

म्हणून तेव्हापासून गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी एक गाण्याची वही ठेवली आहे. प्रत्येक गाण्याखाली आम्ही एवढं लिहितो: कुणी रचलं किंवा कुणाकडून ऐकलं, गाव, साल, तेव्हा काय घडलं होतं, आणि नव्या पोरींना न कळणारे शब्द. मोबाइलवर आवाज भरताना आधी नाव, गाव आणि तारीख बोलायची, मग गायचं. मोबाइल बिघडतो, म्हणून वही हवीच.

स्वतः रचलेल्या गाण्यावर रचणारीचा हक्क असतो. 1957चा कॉपीराइट कायदा तसं सांगतो आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण वाद निघाला तर तारीख घातलेली वही हाताशी असलेली बरी. उलट, आजीची ओवी असेल तर तिच्यावर आपलं नाव घालू नका. तिथे आजीचंच नाव लिहा.

आणखी एक. गाण्यात दुसरीचं दुःख आलं असेल, तर आधी तिला विचारा. नको म्हणाली तर नाव-गाव बदला, नाहीतर ते गाणं आपल्यापाशीच ठेवा.

घरात, शेजारी एखादी म्हातारी जात्यावरची ओवी म्हणणारी असेल, तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा. ओवी ऐकून झाल्यावर लगेच उठू नका. विचारा, "आजी, यातली सखी कोण?"

मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा, आणि पुढच्या बैठकीत आम्हाला सांगा.