फियाट उभी ठेवायची की फिरवायची?

आमच्या दांडिया बाजारच्या घरात गेले काही महिने एकच वाद चालू आहे: आजोबांच्या फियाटचं काय करायचं? गाडी १९७३ ची, प्रीमियर प्रेसिडेंट. म्हणजे जिला पुढच्याच वर्षी पद्मिनी हे नाव मिळालं तीच. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर, थंडीत ओढायचा चोक. दादा म्हणतो, तिने पन्नाशी ओलांडली, आता व्हिंटेज म्हणून नोंदवू, क्रोम चकचकीत करू आणि प्रदर्शनात ठेवू. मी म्हणते, रविवारी सकाळी ती रस्त्यावर दिसली पाहिजे. बाबा दोघांचं ऐकतात आणि चहा मागतात.

दादाच्या डोक्यात हे शिरलं जानेवारी २०२३ मध्ये. लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला, तेव्हा आम्ही सगळेच गेलो होतो. आरशासारख्या लखलखत्या गाड्या! काही तर ट्रेलरवरून आलेल्या. बाबा प्रत्येकीपाशी थांबून हळूच विचारत होते, "चालते का?"

मग मी नियम वाचले. जुलै २०२१ पासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, मोठे बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, मुदत १० वर्षं. मेख पुढे आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्याचसाठी. म्हणजे आजीला कमाटी बागेत न्यायचं तर पोलिसाला काय सांगू? आजीचं प्रदर्शन आहे म्हणून?

बरं, उभी ठेवली म्हणजे गाडी टिकते, हेही खरं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमची कित्येक महिने कव्हरखाली होती. कव्हर काढलं तेव्हा बॅटरी गेलेली. पेट्रोल उडून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर बसलेला, ब्रेकची रबरं कडक झालेली, टायर खालून चपटे पडलेले. बॉनेटमध्ये उंदरांनी वायरी कुरतडल्या ते वेगळंच. आमचे मेकॅनिक काका दादावरच चिडले. चालत राहिली असती तर यातलं निम्मंही झालं नसतं, म्हणाले.

पहिल्या मारुती ८०० चंही असंच. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी तिची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली. त्यांनी ती अखेरपर्यंत विकली नाही. २०१० मध्ये ते गेले आणि गाडी घरासमोर उभी राहून गंजली. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. आता छान दिसते म्हणे.

पण दादाही अगदीच चूक नाही. मागच्या दिवाळीत एका स्कूटरने मागून धडक दिली आणि मूळ टेललाइट फुटला. तसाच दुसरा मिळायला चार महिने लागले. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे आजकालच्या गाड्यांसारखी ती जागच्या जागी थांबत नाही. पट्टे नाहीत, म्हणून वहिनी पिंकीला तिच्यात बसू देत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

आजीला विचारलं तर ती पावागढच्या सहलीतच शिरते. मांडीवर श्रीखंडाचा डबा, मागे पाच पोरं आणि घाटात तापलेलं इंजिन थंड होईपर्यंत आजोबांची बडबड. त्याच गाडीवर बाबा चालवायला शिकले.

पुढच्या महिन्यात नोंदणीची मुदत संपते. परवा बाबा काही न बोलता फॉर्म घेऊन आले, साध्या नूतनीकरणाचा, पाच वर्षांचा. दादाने अटी घातल्या: पावसात नाही, रात्री नाही, पिंकी नाही. मी कबूल केलं. आता रविवारी सहाला आम्ही आजवा रोडला जातो. दादा शेजारी बसून ओरडत असतो, कारण दुसरा गिअर टाकताना माझा हात अजून अडकतो.