शेळ्यांचा फुफ्फुसदाह : वेळीच ओळख, योग्य उपचार

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांना दारातील शेळी हा मोठा आधार असतो. उस्मानाबादी शेळी एका वेतात बहुधा जुळी करडे देते. परंतु पावसाळ्यातील ओल व हिवाळ्यातील गारठा यांत श्वसनरोग जडल्यास हे धन थोड्याच दिवसांत हातचे जाते.

नाकातून घट्ट स्राव, खोकला, धाप, चारा सोडणे आणि ४० अंश सेल्सिअसहून अधिक ताप ही फुफ्फुसदाहाची लक्षणे होत. रोग जिवाणूजन्य असल्यास प्रतिजैविके गुणकारी ठरतात. त्यांची निवड व मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी. आराम दिसताच उपचार अर्धवट सोडू नये. तोंडात व्रण व हगवण असल्यास पीपीआरची शंका घ्यावी. या विषाणूजन्य रोगावर थेट औषध नाही. प्रतिजैविके केवळ दुय्यम संसर्ग रोखतात. मात्र त्याची प्रतिबंधक लस सुमारे ३ वर्षे संरक्षण देते.

आजारी शेळीची मान उंच धरून बळजबरीने काढा वा तेल पाजू नये. तो द्रव श्वासनलिकेत उतरल्यास फुफ्फुसदाह बळावतो. आजारी शेळी वेगळी बांधावी. थंडीच्या भयाने गोठा सर्व बाजूंनी बंद केल्यास मूत्रातील अमोनिया साचून श्वसनमार्गास इजा होते. म्हणून तो कोरडा व हवेशीर असावा.

लसीकरणाचा दिवस ग्रामपंचायतीने दवंडीने आगाऊ कळविल्यास आणि शिक्षकांनी ही लक्षणे मुलांना सांगितल्यास अनेक घरांचे नुकसान टळेल.