चढत्या रेषेचा हिशेब : इंडेक्स फंडाचे जुने भाव कसे वाचावेत?

गेल्या महिन्यात आमच्या परिचयाच्या एका ताईंच्या घरी जाण्याचा योग आला. पंचवीस वर्षे इस्पितळात आयाचे काम करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे बँकेत जमा झाले, आणि चार दिवसांत एक गृहस्थ दारात हजर! चहा घेता घेता त्यांनी मोबाईलवर एक आलेख दाखवला. रेष डावीकडून उजवीकडे घाटासारखी चढत गेलेली. "ताई, ४५ वर्षांत शंभराचे ७३ हजार झाले. सगळी रक्कम इंडेक्स फंडात टाका आणि निवांत झोपा."

ताई झोपल्या नाहीत. त्यांनी आम्हाला बोलावून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊ, ही रेष खरी आहे का?"

प्रश्न साधा आहे, पण आज तो आपल्या घराघरांत विचारला गेला पाहिजे. म्हणून ताईंना जे सांगितले तेच वाचक बंधू-भगिनींसमोर मांडत आहोत. रेष खरी आहे. पण ती अर्धेच बोलते. उरलेले अर्धे आपण तिला विचारून घ्यायचे असते.

रेष कशाची आहे?

मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरील शेअर बाजाराचा निर्देशांक म्हणजे सेन्सेक्स. त्यात ३० मोठ्या कंपन्या असतात. १९७८-७९ साली त्यांच्या भावाची पातळी १०० धरली आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक म्हणजे निफ्टी. त्यात ५० कंपन्या, आणि नोव्हेंबर १९९५ ची पातळी १,००० धरलेली. इंडेक्स फंड म्हणजे याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवणारा फंड. कोणता शेअर चांगला, कोणता वाईट, हे ठरवण्याची हुशारी तो दाखवत नाही. यादीत जे आहे ते घेतो. म्हणून त्याचा खर्चही कमी असतो.

पहिली गोष्ट इथेच लक्षात घ्यावी. सेन्सेक्स प्रसिद्ध होऊ लागला तो १ जानेवारी १९८६ पासून. त्याआधीच्या वर्षांचे आकडे मागाहून हिशेब करून काढलेले आहेत. आपल्या देशात इंडेक्स फंड आले ते तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे १९७९ साली शंभर रुपये इंडेक्स फंडात टाकून ज्याचे ७३ हजार झाले, असा एकही माणूस नाही. फंडच नव्हता, तर टाकणार कशात?

किती अंश, की किती टक्के?

बाजार कोसळला की बातमीत अंशांचा आकडा मोठ्या अक्षरांत येतो. २८ एप्रिल १९९२ रोजी, हर्षद मेहता प्रकरण बाहेर आल्यानंतरच्या दिवसांत, सेन्सेक्स ५७० अंशांनी पडला. २३ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या भीतीने, तो ३,९३४ अंशांनी पडला. दुसरी पडझड सातपट मोठी वाटते ना? पण टक्क्यांत पाहिले तर दोन्ही दिवशी घट सारखीच, सुमारे १३ टक्के. तेव्हा पातळी लहान होती, आता मोठी आहे, एवढाच फरक.

आलेखातही हीच फसगत होते. ४५ वर्षांची रेष एकाच कागदावर काढली की १९९२ ची घसरण मुंगीएवढी दिसते. ज्यांचे पैसे तेव्हा अडकले त्यांच्यासाठी ती मुंगी नव्हती.

टक्क्यांचा आणखी एक नियम पोराबाळांनाही शिकवावा. शंभराचे पन्नास झाले, म्हणजे ५० टक्के घट. त्यावर पुन्हा ५० टक्के वाढ झाली तर शंभर होत नाहीत, पंचाहत्तरच होतात. पडलेले भरून काढायला दुप्पट चढावे लागते.

मोजायला सुरुवात कुठून केली?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. आलेख दाखवणारा माणूस सुरुवातीचा दिवस स्वतः निवडतो. मार्च २०२४ च्या अखेरीस सेन्सेक्स ७३,६५१ वर होता. शेवट हाच धरू आणि सुरुवात तेवढी बदलून पाहू.

१९७९ च्या शंभरापासून मोजले, तर वाढ वर्षाला सुमारे १६ टक्के चक्रवाढ पडते. २२ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ४,४६७ वर, म्हणजे तेव्हाच्या शिखरावर होता. तिथून मोजले तर तीच वाढ वर्षाला सुमारे ९ टक्क्यांवर येते. आणि एप्रिल २००३ पासून, जेव्हा तो ३,००० च्याही खाली होता, मोजले तर पुन्हा १६ टक्क्यांच्या वर जाते. बाजार एक, शेवट एक, आणि उत्तरे तीन!

यातच आणखी एक गोष्ट दडली आहे. १९९२ साली ४,४६७ आणि २००३ साली तीन हजारांच्या खाली. शिखरावर दहा हजार टाकणाऱ्याच्या हाती, मधला लाभांश सोडला तर, अकरा वर्षांनी ६,७०० रुपयेसुद्धा नव्हते. अकरा वर्षांत बालवाडीतले मूल दहावीला येते. त्याची फी त्या पैशातून भरायची असती तर?

२००८ चेही तसेच. जानेवारीत २०,८७३ वर बंद झालेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० वर आला. शंभरातले एकसष्ट गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये तो जुन्या पातळीला टेकला, पुन्हा घसरला, आणि तिच्या वर पाय रोवून उभा राहायला २०१४ उजाडले. जे थांबू शकले त्यांचे पैसे परत आले, वाढलेही. ज्यांना लग्न, आजारपण, घराचे डिपॉझिट यासाठी मधेच काढावे लागले त्यांचा तोटा कायमचा झाला. थांबण्याची ऐपत ही आलेखात दिसत नाही. ती आपल्या घरात पाहावी लागते.

यादीतून कोण गेले?

सेन्सेक्सच्या पहिल्या यादीत बॉम्बे डाईंग होती, सेंच्युरी होती, प्रीमियर ऑटोमोबाईल्स होती, मुकंद होती. ही नावे आपल्याला शेअर बाजारातून माहीत नाहीत. ती आपल्या वडिलांच्या, चुलत्यांच्या हजेरीकार्डावरची नावे आहेत. आज ती सेन्सेक्समध्ये नाहीत. त्यांच्या जागी बँका आल्या, संगणकाच्या कंपन्या आल्या.

निर्देशांक वर्षानुवर्षे का चढतो, याचे एक कारण हेच आहे. कंपनी थकली की तिला यादीतून काढतात आणि धडधाकट कंपनी आत घेतात. त्यामुळे इंडेक्स फंडवाल्याचे एका गिरणीबरोबर सगळे बुडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण म्हणूनच चढती रेष पाहून "सगळ्यांचे भले झाले" असे कुणी म्हटले तर मान डोलावू नये. निर्देशांकाला गिरणी बदलता आली. गिरणीतल्या माणसाला ती बदलता आली नाही.

भाव वेगळा, मिळकत वेगळी

नेहमी दाखवतात तो सेन्सेक्स-निफ्टी फक्त भावाचा असतो. कंपन्या देतात तो लाभांश त्यात धरलेला नसतो. लाभांश पुन्हा गुंतवला असे मानून काढलेला निर्देशांक वेगळा, त्याला टोटल रिटर्न इंडेक्स म्हणतात. फंडाने आपली तुलना याच्याशी करून दाखवावी, असा सेबीचा नियम फेब्रुवारी २०१८ पासून आहे. फंडाची खरी परीक्षा इथेच होते. तो या निर्देशांकाच्या थोडा मागे राहणार, कारण त्याचा खर्च असतो. वर्षानुवर्षे फार मागे राहत असेल तर मात्र का, हे विचारावे.

जुन्या भावांच्या तक्त्यात कधी एका दिवसात मोठा खड्डा दिसतो. लगेच घाबरू नये. २०१९ च्या डिसेंबरात निफ्टी बीज या ईटीएफच्या एका युनिटची दहा युनिटे केली गेली. भाव एक दशांश झाला, पण युनिटे दहापट झाली. कुणाचा एक पैसाही गेला नाही. तसेच, ज्या योजनेत अधूनमधून पैसे वाटले जातात तिचा भाव वाटपाच्या दिवशी तेवढाच उतरतो. म्हणून तुलना करताना ग्रोथ पर्यायाचेच आकडे घ्यावेत. आणि दलालाविना घ्यायचे डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासूनचे आहेत, त्यांचा इतिहास त्यामागे मिळणार नाही.

रुपया तोच, पण बाजारहाट?

शेवटचा प्रश्न महागाईचा. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. रुपयात माल किती येतो, त्याची ती खरेदीशक्ती स्थिर राहिल्याशिवाय रुपया स्थिर होणार नाही, हे त्यांनी त्यात मांडले. हाच गज इथेही लावावा. ९ टक्के वाढ झाली आणि महागाई ६ टक्के असली, तर पदरात पडले जेमतेम ३. हाच हिशेब बँकेतल्या ठेवीलाही लावावा. पैसे नुसते सुरक्षित आहेत म्हणून ते झिजत नाहीत असे नाही.

मग ताईंनी काय केले?

त्यांच्या धाकटीचे नर्सिंगचे शिक्षण चालू आहे, दोन वर्षांची फी बाकी आहे. ती रक्कम आणि वर्षभराचा घरखर्च त्यांनी बँकेत ठेवला. मोठा वाटा पोस्टात गेला. पुढची दहा वर्षे हात लावावा लागणार नाही एवढाच लहानसा भाग त्यांनी इंडेक्स फंडासाठी बाजूला काढला आहे. तोही एकदम नाही, महिन्या-महिन्याने भरायचा. दारात आलेल्या गृहस्थांना त्यांनी विचारले, "१९९२ पासून मोजून दाखवाल का?" गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

हा विषय आपला नाही, असे कुणी समजू नये. ऑगस्ट २०१५ पासून कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीतील नव्या रकमेचा काही भाग सेन्सेक्स आणि निफ्टीमागे चालणाऱ्या ईटीएफमध्ये गुंतवला जाऊ लागला. म्हणजे आपण बाजारात गेलो नाही तरी आपला घाम तिथे पोहोचलेला आहे. तेव्हा कुणी चढती रेष दाखवली तर चार गोष्टी विचाराव्यात. मोजायला सुरुवात कुठून केली? मधे सर्वात मोठी घट किती टक्के, आणि ती भरायला किती वर्षे लागली? लाभांश आणि खर्च धरला आहे का? महागाई वजा जाता काय उरते?

उत्तरे मिळाली तर पुढे बोलावे. नाही मिळाली, तर चहा पाजून निरोप द्यावा.