कार्थेजच्या किनाऱ्यावरची रात्र

आपल्या माणसासाठी देवाजवळ केलेल्या विनवणीला ख्रिस्ती परंपरेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. ती करणारा स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्याच्या वतीने देवापुढे उभा राहतो, आणि ज्याच्यासाठी तो उभा असतो त्याला पुष्कळदा ती प्रार्थना नकोशीच असते. लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात येशूने एका विधवेचा दृष्टान्त सांगितला आहे. देवाची भीती नसलेल्या न्यायाधीशाच्या ती इतकी मागे लागते की अखेर तोही तिची दाद घेतो. मग देव आपल्या माणसांचे गाऱ्हाणे कसे ऐकणार नाही, असा त्याचा रोख आहे. तेथे विलंब न लावता न्याय मिळण्याचे आश्वासनही आहे, आणि म्हणूनच दहा-पंधरा वर्षे एकाच माणसासाठी गुडघे टेकणाऱ्याला त्या आश्वासनाचा अर्थ लावणे फार जड जाते.

हा अर्थ पुस्तकी व्याख्येपेक्षा संत मोनिकेच्या आयुष्यात अधिक स्पष्ट दिसतो. तिची हकिगत तिचाच मुलगा संत ऑगस्टीन याने ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनपर ग्रंथात सांगितली आहे. मोनिका उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या गावची. आज ते अल्जीरियातील सूक अहरास म्हणून ओळखले जाते. नवरा पॅट्रिशियस तापट होता आणि त्याने आयुष्याच्या अखेरीसच बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याच्या संस्काराने तो ख्रिस्ती मंडळीत आला. ३५४ साली जन्मलेला ऑगस्टीन शिकायला कार्थेजला गेला, लग्नाशिवाय एका स्त्रीबरोबर राहू लागला, एका मुलाचा बाप झाला, आणि ३७३च्या सुमारास मानी पंथात शिरला. इराणी धर्मसंस्थापक मानी याचा हा पंथ जगाकडे प्रकाश आणि अंधार या दोन अनादी तत्त्वांचे युद्ध म्हणून पाहत असे.

तो गावी परतला तेव्हा मोनिकेने आधी त्याला आपल्या घरात राहू दिले नाही. पुढे तिला स्वप्न पडले: ती एका लाकडी पट्टीवर रडत उभी आहे, एक तेजस्वी तरुण तिला धीर देतो, आणि पाहते तो त्याच पट्टीवर शेजारी मुलगा उभा. मग तिने त्याला घरात घेतले, पण प्रार्थना थांबवली नाही. याच काळात ती एका बिशपकडे गेली आणि मुलाशी वाद घालून त्याची समजूत काढावी म्हणून गळ घालू लागली. त्या बिशपचे स्वतःचे बालपण मानी पंथीयांत गेले होते आणि त्यांचे ग्रंथ वाचता वाचताच त्याला त्यांतील चूक उमगली होती. म्हणून त्याने वाद घालायला नकार दिला, मुलाला तूर्त आहे तेथेच राहू द्यावे आणि केवळ प्रार्थना करावी असे सुचवले. ती रडतच राहिली तेव्हा, काहीसे कंटाळून का होईना, इतक्या अश्रूंचा मुलगा गमावला जाणार नाही असा दिलासा त्याने दिला.

या हकिगतीचे मर्म मात्र ३८३ सालच्या एका रात्रीत आहे. ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला होता आणि आई त्याला सोडायला तयार नव्हती. वाऱ्यासाठी खोळंबलेल्या मित्राला निरोप देतो आहोत अशी थाप मारून त्याने तिला बंदराजवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिस्थानी रात्र काढायला लावली. मुलाने समुद्र ओलांडू नये म्हणून ती तेथे रात्रभर देवाला विनवत राहिली, आणि सकाळ झाली तेव्हा किनारा रिकामा होता. तिची त्या रात्रीची मागणी सरळ नाकारली गेली होती. पुढे ऑगस्टीनने स्वतःच याचा उलगडा असा केला की देवाने त्या रात्रीचे मागणे बाजूला ठेवले ते तिचे नेहमीचे मागणे पुरे करण्यासाठी. कारण इटलीला गेल्यामुळेच त्याला मिलानचा बिशप अँब्रोज भेटला, आणि ३८७च्या ईस्टरच्या रात्री त्याच्याच हातून बाप्तिस्मा मिळाला. मुलाने केलेली फसवणूक यामुळे क्षम्य ठरत नाही, पण चिकाटी म्हणजे आपला हट्ट देवाकडून पुरवून घेणे नव्हे, एवढे या प्रसंगातून लख्ख दिसते.

त्या वर्षांत प्रार्थना करणारीही बदलत गेली. मुलापाठोपाठ समुद्र ओलांडून मिलानला पोहोचलेली मोनिका आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली. अँब्रोजने हे बंद केल्याचे द्वारपालाने सांगताच तिने जन्माची सवय तक्रार न करता सोडली.

आजच्या कॅथलिक दिनदर्शिकेत तिचा सण २७ ऑगस्टला आणि मुलाचा लगेच २८ ऑगस्टला येतो. ऑगस्टीनच्या नावाच्या संन्याससंघाने तिची आठवण गोव्यापर्यंत आणली, आणि १६०६ साली जुने गोवे येथे उभारायला घेतलेला संन्यासिनींचा मठ सांता मोनिका याच नावाने ओळखला जातो.

मुलाच्या बाप्तिस्म्यानंतर ३८७ सालीच, आफ्रिकेला परतण्याच्या वाटेवर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका तापाने आजारी पडली आणि नवव्या दिवशी, छप्पन्न वर्षांची असताना वारली. नवऱ्याशेजारी पुरले जावे म्हणून तिने गावी जागा राखून ठेवली होती. शेवटी तीही इच्छा तिने सोडली आणि देह कोठेही ठेवा, फक्त वेदीपाशी आपली आठवण करा, एवढेच मुलांजवळ मागितले. दहा-बारा वर्षांनी ग्रंथ लिहिताना, नवव्या भागाच्या शेवटी, ऑगस्टीनने वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती केली की त्यांनी वेदीपुढे मोनिका आणि पॅट्रिशियस यांची नावे घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.