झेंडे बदलणारं जहाज

नवीन मशिन आलं की ऑफिसातला जुना पीसी कोपऱ्यात जातो ना, तशीच गत पहिल्या महायुद्धापर्यंत शिडाच्या मालवाहू जहाजांची झाली होती. वाफेची जहाजं सगळा धंदा पळवत होती. 'पास ऑफ बालमाहा' हे त्या म्हाताऱ्यांपैकीच एक. 1888 साली पोर्ट ग्लासगोत बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं. जुलै 1915 मध्ये ते कापूस भरून न्यूयॉर्कहून रशियाला निघालं होतं. वर अमेरिकेचा झेंडा. अमेरिका तेव्हा तटस्थ, म्हणजे टेन्शन नाही.

टेन्शन आणलं ब्रिटिशांनी. त्यांनी जहाज अडवलं, आपले नौसैनिक वर चढवले आणि कॅप्टन नको नको म्हणत असताना अमेरिकन झेंडा उतरवून स्वतःचा लावला. थोड्या वेळाने समोर कोण? जर्मन पाणबुडी यू-36! कॅप्टनने घाईघाईने ब्रिटिशांना जहाजाच्या पोटात लपवलं, पुन्हा अमेरिकन झेंडा फडकवला. पण उशीर झाला होता. जहाज थेट जर्मनीत गेलं, लपलेल्या पाहुण्यांसकट!

जर्मनांना या जुन्या मालात भलतंच काही दिसलं. शिडाला कोळसा लागत नाही, आणि म्हाताऱ्या जहाजावर संशय कोण घेणार? त्यांनी दोन तोफा लपवून बसवल्या, एक डिझेल इंजिन टाकलं आणि नाव ठेवलं 'सीआडलर', म्हणजे समुद्रगरुड. कॅप्टन होता काउंट फेलिक्स फॉन लुकनर, एकदम फिल्मी माणूस. डिसेंबर 1916 मध्ये लाकूड वाहणारं नॉर्वेजियन जहाज असल्याची बतावणी करत ते ब्रिटिशांच्या तपासणीतून सहीसलामत सुटलं. एका खलाशाला म्हणे कॅप्टनची बायको म्हणून नटवलं होतं!

मग पंधरा जहाजं हाती लागली. युक्ती साधी, जवळ जायचं, 'किती वाजले?' असा सिग्नल द्यायचा, मग जर्मन झेंडा वर. पकडलेल्या अडीचशेहून जास्त कैद्यांना मार्च 1917 मध्ये एका फ्रेंच जहाजातून रिओला सोडून दिलं. हा खेळ वाटतो खरा, पण 'हॉर्नगार्थ'वर तोफेच्या माऱ्याने वाफेचा पाइप फुटला आणि एक ब्रिटिश खलाशी जिवाला मुकला.

2 ऑगस्ट 1917 ला पॅसिफिकमधल्या मोपेलिया बेटाच्या खडकांवर जहाज आदळून फुटलं. लुकनर सांगायचा, त्सुनामी आली. जहाजावरच्या अमेरिकन कैद्यांचं म्हणणं वेगळं होतं. जहाज वाहत गेलं तेव्हा मंडळी किनाऱ्यावर पिकनिक करत होती.